मागे एक

ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत, जिथे लोक हौसेने गाड्या पळवायला येऊन तळ ठोकतात, वेंडल हार्गिसला टायरबद्दल काही विचारायचं असेल, तर आधी चार घास खाऊन जावं, असं तळावर म्हणत. माणूस एकदा सुरू झाला की जेवणवेळ बघत नसे. मागच्या टायरला वल्ही आठ हवीत की दहा, ती उंच हवीत की बुटकी, तुझं इंजिन केवढं, तुझं वजन किती, खोटं सांगू नकोस, बायको शेजारीच उभी आहे, असं करत करत तो समोरच्याला असा पिळून काढायचा की टायर घ्यायला आलेला माणूस गाडीच विकून टाकावी का, या विचारात परत जायचा. सल्ला मात्र बावनकशी. वेंडलची सगळी हयात ब्रॉलीच्या कालव्यांवर पाटकरी म्हणून गेली होती. कुणाच्या लसूणघासाला किती पाणी सोडायचं आणि कुणाच्या बिटाला किती, हे दारं वरखाली करून ठरवता ठरवता थोडं कमी, थोडं जास्त हे त्याच्या हातातच मुरलं होतं. वाळूच्या टायरचं तरी दुसरं काय असतं? रबराची आडवी वल्ही वाळू मागे ढकलतात आणि गाडी पुढे जाते. वल्ही लहान पडली तर गाडी जागच्या जागी खड्डा खणते, मोठी झाली तर इंजिन चढावर मान टाकतं. मधलं काहीतरी साधावं लागतं, आणि ते वेंडलला साधत असे.

सल्ला घेऊन लोक जात. टायर बदलत, हवा उतरवत, टेकडीपलीकडूनही दिसावीत म्हणून गाडीला लावलेल्या निशाणांच्या उंच काठ्या हलवत टेकड्यांकडे निघून जात. जाताना कुणी 'चला, येता का आमच्याबरोबर?' असं म्हणत नसे. त्यात त्यांचाही दोष नव्हता. एवढं कळणाऱ्या माणसाची स्वतःची टोळी असणारच, असं प्रत्येकाला वाटे. आणि वेंडल आपण होऊन विचारेल तर शपथ. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तो कधीही तयार. स्वतःसाठी तुकडा मागायची वेळ आली की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं.

आता वाळूतला पहिला नियम असा की मोठ्या टेकड्यांत एकट्याने जायचं नाही. टेकडीच्या धारेपलीकडे काय आहे ते धारेवर चढल्याशिवाय दिसत नाही, आणि कधीकधी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सोबत हवीच. वेंडलची सोबत ओपल होती, त्याची बायको. दोन उन्हाळ्यांमागे ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी खुर्ची ओढून जरा टेकली, ती उठलीच नाही. तेव्हापासून वेंडल हिवाळ्यात गाडीघर घेऊन तळावर यायचा, नेहमीच्या जागी लावायचा, आणि आपली क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी, बाहेर काढून तळामागच्या सपाटीवर गोल गोल फिरायचा. दुधाची तहान ताकावर. संध्याकाळी टेकड्यांवरून परतणाऱ्यांची निशाणं बघत खुर्चीत बसायचा.

ओपल नेहमी त्याच्यामागे असे, लहान इंजिनाच्या क्वाडवर, पिवळं निशाण लावून. वाळूत समोरून कुणी आलं की पुढचा माणूस डावा हात वर करून बोटं दाखवतो: माझ्यामागे इतके जण आहेत, सांभाळून. सगळ्यात शेवटचा मूठ दाखवतो: झालं, माझ्यामागे कोणी नाही. वेंडल कायम पुढे, म्हणून त्याचं कायम एक बोट. ओपल कायम मागे, म्हणून तिची मूठ.

"तू बोट दाखवतोस आणि मी मूठ," ती म्हणायची. "लोकांना वाटत असेल, घरीही यांचं असंच चालतं."

"असंच चालतं," वेंडल म्हणायचा.

ती गेल्यावर त्याने तिचं पिवळं निशाण स्वतःच्या काठीला, नारिंगी निशाणाच्या खाली बांधलं. बाकी शोक वगैरे काही केला नाही. गाडी करायला घेतली. आधी मागचा एक्सल रुंद केला, मग पुढचे आर्म लांब केले, म्हणजे उतारावर आडवी जाताना गाडी कलंडू नये. शॉकअप खोलून पुन्हा भरले. हँडल झटके मारू नये म्हणून त्याला छोटा डँपर बसवला. मागे दहा वल्ह्यांचे टायर घातले, ते जड वाटले म्हणून प्रत्येक वल्ह्याची कड धारदार सुरीने तासून काढली. गाडी दर महिन्याला सुधारत होती आणि सपाटीच्या पुढे जात नव्हती.

शेजारच्या जागेवर नेतो विलालोबोसचा गोतावळा उतरायचा. नेतो जुना मित्र. त्याच्या थोरल्या मुलीची धर्ममाता ओपल, त्यामुळे दोघं एकमेकांना स्पॅनिश रीतीने कोंपा, म्हणजे कोंपाद्रे, म्हणत. नेतोने केव्हाच क्वाड विकून चार जण बसतील अशी, वर लोखंडी पिंजरा असलेली बग्गी घेतली होती.

"कोंपा, या गाडीला आता फक्त तमाले वळायला शिकव," नेतो म्हणायचा. "बाकी सगळं येतं तिला."

"वळायलाच येत नाही, तीच तर बोंब आहे."

"मग ठेव तिला आणि चल माझ्याबरोबर. पुढची सीट रिकामी ठेवतो, चायो मागे बसेल."

"पोपट आहे का मी पिंजऱ्यात बसायला?"

नेतो दर वर्षी विचारायचा, वेंडल दर वर्षी हेच सांगायचा. मग नेतोची बायको चायो मध्ये पडून दोघांच्या ताटात मांस वाढायची आणि विषय संपायचा.

पण गाडी वळत नव्हती हे खरं होतं. मागच्या वल्ह्यांचा रेटा एवढा, की हँडल वळवलं तरी पुढची चाकं वाळूवरून घसरत सरळच जायची. वेंडलने हवा कमी केली, जास्त केली, स्प्रिंगा सैल केल्या, आवळल्या. उपाय त्याला ठाऊक होता, फक्त तो हात लावत नव्हता. ओपलच्या क्वाडच्या पुढच्या टायरना मधोमध एकच उंच कणा होता. तो कणा वाळू कापायचा आणि ओपल बघेल तिकडे गाडी जायची. ते टायर तिने स्वतः निवडले होते, वेंडलशी कडाक्याचं भांडून. "तू चढासाठी टायर घेतोस," तिने दुकानातच सुनावलं होतं, "मी वळणासाठी घेते. चढ काय, संपतो." तसे टायर आता मिळत नव्हते अशातला भाग नाही. बाजारात पडलेत. पण वेंडलला दुसरे घ्यावेसे वाटेनात आणि तिचे काढवेनात.

या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी त्याने गॅरेजात तिच्या गाडीवरची चादर काढली, पुढून ठोकळ्यांवर उचलली आणि दोन्ही टायर उतरवले. "माफ कर," तो मोठ्याने म्हणाला, आणि आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात येऊन उगाचच खोकला. ते आपल्या गाडीला पुढे बसवले, मागचे दहा वल्ह्यांचेही काढून टाकले आणि आपले जुने आठ वल्ह्यांचे चढवले.

तळावर पोचल्यावर दुपारी नेतोची मंडळी टर्की आणायला ब्रॉलीला गेलेली. वेंडलने सपाटीवर एक फेरी मारली. गाडी वळली. त्याने हँडल जेमतेम दाबलं होतं. पुन्हा वळवून बघितलं, डावीकडे, उजवीकडे. ती लोण्यासारखी फिरली. पहिल्या धारेपर्यंत जाऊन येऊ, तेवढ्यात काय होतंय, असं स्वतःला सांगून तो निघाला. कुणाला सांगायचं, तर सांगायला कुणी नव्हतंच.

पहिल्या धारेवर तो थांबला नाही. एवढी मेहनत घेतलेली गाडी प्रथमच आपल्या कामावर आली होती. खोलग्यात उतरताना ती पोटावर आपटत नव्हती, उतारावर आडवी चालताना कलत नव्हती, धारेच्या अगदी कडेवरून वळून पुन्हा खाली येत होती. वेंडल हसत होता. शिरस्त्राणाच्या आत एकटा माणूस हसतो तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ऐकू येतो, आणि त्याने तो फार दिवसांनी ऐकला. प्रत्येक माथ्यावर तो जुन्या सवयीप्रमाणे जरा हळू होत होता, मागच्याला गाठता यावं म्हणून. हे टायर किती बरोबर निघाले ते ओपलला सांगायचं, आणि ती 'मी सांगितलं नव्हतं?' म्हणेल तेव्हा गप्प बसायचं, असं त्याच्या मनात चाललं होतं.

एका धारेवर समोरून चार बग्ग्या आल्या. पहिलीतल्या बाईने तीन बोटं दाखवली. वेंडलने डावा हात वर केला, एक बोट दाखवलं आणि पुढे गेला.

मोठ्या टेकडीच्या आडोशाला एका खोलग्यात पालो व्हर्देचं एक खुरटं झाड आहे. तिथे दोघं कॉफीला थांबत. वेंडल थांबला, थर्मास काढला, झाकणात कॉफी ओतली आणि न बघताच हात मागे केला, पहिला कप तिला द्यायला.

हात तसाच राहिला. कॉफी हातमोज्यावर सांडली तेव्हा त्याने तो आवरला. मग तो वाळूत बसला. रडला का, तर हो, रडला; तिथे कुणी बघणारं नव्हतं. ऊन टेकड्यांच्या एका अंगाला सरकलं तेव्हा तो उठला आणि शिस्तीत, सावकाश, आल्या वाटेने तळावर परतला.

तळ रिकामा होता. चुली पेटत्या, खुर्च्या उलट्या पडलेल्या, आणि मधोमध चायो एकटी टर्की तळायच्या तेलाच्या भांड्यापाशी उभी.

"कुठे होतात कोंपाद्रे?" ती ओरडली. "वाळूत कुणीतरी हरवलंय. क्वाडवर होतं म्हणतात. सगळे तिकडेच गेलेत. नेतो मोठ्या टेकडीच्या पायथ्याशी आहे."

वेंडलने इंजिन बंदसुद्धा केलं नाही. उजेड फार उरला नव्हता, आणि संध्याकाळी वाळूत खड्डा आणि सपाटी सारखीच दिसते. नेतो त्याला वाटेतच भेटला.

"कोण आहे?"

"बाप्या की बाई तेही कुणाला माहीत नाही. मागे राहिलंय एवढं खरं."

"मग धारा काय बघता? खोलगे बघा! पडलेला माणूस माथ्यावर नसतो. वाऱ्याच्या आडच्या बाजूने चला, कडा तिकडेच आहेत. आणि त्या मागच्या बग्गीतल्या पोराला सांग, पुढच्या टायरची हवा उतरव, नाहीतर त्यालाच शोधायची वेळ येईल."

नेतोने आपल्या बग्गीतल्या रेडिओवरून ते सगळ्यांना सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. वेंडल पुढे, त्याच्या चाकोरीतून पाच-सहा बग्ग्या मागे. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. कुणाच्या तरी जिवाशी गाठ होती आणि त्याला बरं वाटत होतं, याची लाजही वाटत होती. एकेक खोलगा तो असा बघत होता की आत पडलेला हातमोजासुद्धा सुटला नसता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो त्या संध्याकाळी आम्ही तळावरच्या सगळ्यांनी मिळून घातला.

एका उंच माथ्यावर तो आणि नेतो थांबले असताना रेडिओ खरखरला.

"युमाची डीना बोलतेय," एका बाईचा दमलेला आवाज आला. "नव्याने आलेल्यांसाठी पुन्हा सांगते. दोन क्वाड होत्या. मी फक्त पुढची पाहिली. लाल, जुनी, रुंद केलेली. वर म्हातारा माणूस. एका काठीला दोन निशाणं, नारिंगी आणि खाली विटकं पिवळं. त्याने मला एक बोट दाखवलं. मी धारेवर थांबले, कितीतरी वेळ थांबले, मागचं कुणी आलंच नाही. मी शाळेची बस चालवते हो, डोकी मोजल्याशिवाय मी हलत नाही. त्या बिचाऱ्याला कळलंसुद्धा नसेल आपलं माणूस मागे पडलंय म्हणून."

नेतोने हळूच मान वर केली. वेंडलच्या डोक्यावर वाऱ्यात दोन निशाणं फडफडत होती. त्याने बग्गीचं इंजिन बंद केलं.

"कोंपा," तो म्हणाला, "दुपारी बाहेर गेला होतास?"

"टायर बघायला."

"कुठपर्यंत?"

वेंडल आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

"मी सांगतो त्यांना," नेतो म्हणाला. "काहीतरी घोटाळा झाला म्हणतो. तुझं नाव घेत नाही."

"थांब."

"अरे, अंधार पडेल."

"कळतंय मला. थांब जरा."

खाली, नजर पोचेल तिथवर, खोलग्याखोलग्यातून निशाणं हलत होती. दिवे लागत होते. कुणी गाडी थांबवून, हाताचा कर्णा करून हाका मारत होतं. युमाची माणसं होती, फीनिक्सची होती, ज्यांना वेंडलने टायर सांगितले तीही होती आणि ज्यांनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं तीही. ही सगळी माणसं ओपलला शोधत होती. ती गेली तेव्हा लोक आले, पदार्थ घेऊन आले, चांगलं बोलले आणि आपापल्या घरी गेले. ती गेली हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं. आज प्रथमच कुणीतरी ती सापडेल असं धरून चाललं होतं. वेंडलला त्यांना थांबवावंसं वाटेना.

"शोधू दे अजून थोडं," तो म्हणाला.

नेतोने टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेवढ्यात खाली एक बग्गी धारेच्या फार कडेला गेली. मागची चाकं सुटली, ती आडवी घसरली, कलली आणि कशीबशी पुन्हा चारी चाकांवर आली. आतून एका पोरीची किंकाळी इथवर ऐकू आली. वेंडलने वाकून नेतोच्या हातातून माईक घेतला.

"वेंडल हार्गिस बोलतोय," तो म्हणाला. "लाल क्वाड माझी. दोन निशाणंही माझीच. माझ्यामागे कोणी नव्हतं." त्याने माईक दुसऱ्या हातात घेतला. "माझी बायको असायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. दुपारी गाडी फार छान चालली आणि मी विसरलो. सवयीने बोट दाखवलं. कुणी हरवलेलं नाही. सगळ्यांनी घरी जा. सांभाळून जा. चूक माझी आहे."

आता शिव्या पडणार, असं वेंडलला वाटलं, आणि पडायलाच हव्यात असंही वाटलं. खाली निशाणं एकेक करून जागच्या जागी थांबली.

"सर," डीनाचा आवाज आला, "काय नाव होतं त्यांचं?"

"ओपल."

"बरं. तुम्ही आहात तिथेच थांबा. एकट्याने निघू नका. आम्ही येतोय."

ती आली, तिच्या चारही बग्ग्या आल्या. उतरून तिने वेंडलचा हात हातात घेतला, एकदा दाबला आणि लगेच आवाज चढवला, कारण तिला रडायचं नव्हतं. "चला, रांग लावा! मी पुढे. माझ्या तिघी माझ्यामागे. मग हे तुमचे मित्र. सर, तुम्ही मधे या."

"मी शेवटी येतो," वेंडल म्हणाला.

"एवढं झाल्यावर तुम्हाला शेवटी ठेवू?"

"ठेव त्याला शेवटी," नेतो म्हणाला. "मी आहे त्याच्या पुढे."

मावळत्या उजेडात ते निघाले. वेंडल इतक्या वर्षांत कधी शेवटी चालला नव्हता. समोर सगळ्यांच्या चाकोऱ्या, वाळूचा धुरळा, रबराचा वास. ओपल जन्मभर हेच बघत आली होती, हे त्याच्या आता ध्यानात आलं. नेतो दर माथ्यावर बग्गी आडवी लावून थांबे आणि मागची दोन निशाणं वर आलेली दिसली की मगच पलीकडे उतरे.

तळाच्या अलीकडच्या धारेवर समोरून तीन बग्ग्या आल्या, रात्रीच्या फेरीला निघालेल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नसावं. डीनाने पाच बोटं दाखवली. तिच्यामागचीने चार, तिच्या मागचीने तीन, तिच्याही मागचीने दोन. नेतोने एक बोट दाखवलं. वेंडलने डावा हात वर केला. बोट आपसूक उभं राहिलं होतं. त्याने ते बाकीच्या बोटांत मिटून घेतलं आणि मूठ उंच धरली, नीट दिसेल अशी.

समोरच्या माणसाने मूठ बघितली, मान हलवली, आणि मागे कुणाची वाट न बघता निघून गेला.